नळाखालचं घमेलं

शारदम्मांचा फोन आला तेव्हा भट्टीत मूस होती. मंगळवार, सकाळचे साडेदहा. सोनं वितळत असताना फोनकडे बघायचंही नाही, हे मला पंधराव्या वर्षापासून शिकवलेलं. पण शारदम्मा म्हणजे बेंगळुरूतल्या बनशंकरी भागातल्या आमच्या घराच्या शेजारीण, त्या उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून उचलला. "दत्ताण्णा, बेगा बन्नी," एवढंच म्हणाल्या. लवकर या. मी पोचलो तेव्हा आत्या देवासमोरच्या खुर्चीत बसलेलीच होती, मान जरा कलती. दुपारी राहुकाळात देवीला दिवे लावायचे म्हणून लिंबं अर्धी कापून, साली पणत्यांसारख्या उलटवून ताटलीत मांडून ठेवलेल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि चष्मा काढला... त्यावरूनच कळलं.

त्याला आता सात आठवडे झाले. लिहायची मला सवय नाही. आठवीत शाळा सुटली. वडील गेले आणि आईनं मला सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून बेंगळुरूला आत्याकडे पाठवलं. आमच्याकडची निम्मी माणसं अशीच गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. आत्याचे यजमान, म्हणजे माझे मामा, यांचं पेठेत छोटं दुकान होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आत्यानं मला कधी "माझ्या मुलासारखा" म्हटलं नाही. रोज डबा भरून दिला आणि फाटकाशी उभी राहिली, सव्वीस वर्षं. मी जरा भित्रा माणूस. बँकेचा कागद आला तरी मी तो दोन-दोन दिवस उघडत नाही. आत्या म्हणायची, "कागद चावतोय व्हय तुला? स्वल्प थांब, श्वास घे, मग वाच."

आमच्या धंद्यात काही टाकून देत नाहीत. दुकानात झाडलेली धूळ पोत्यात साठवतात, वर्षातून एकदा जाळून-गाळून त्यातला कण न् कण काढतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जात नाही. आत्यानं हा नियम घरीही लावलेला. मागच्या नळाखाली एक जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, घमेलं, संध्याकाळी आलो की आधी त्यात हात धुवायचे, मग घरात. रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी सकाळी कढीपत्त्याला, आणि गाळ पुडीत बांधून माझ्या डब्याबरोबर परत दुकानात. "हाताला लक्ष्मी लागलेली असती, तिला वाहू देऊ नये," असं ती म्हणायची. मला वाटायचं, म्हातारीचा नाद आहे.

दोन वर्षांपूर्वी मामा दवाखान्यात होते, तेव्हा तिथं सोलापूरची एक शिकाऊ डॉक्टरीण होती. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून आत्या तिला रोज धपाटे घेऊन जायची. एकदा आत्यानं विचारलं, "एवढं आतलं तुम्हाला कसं गं कळतं?" ती म्हणाली, "आजी, पहिल्या वर्षी एक देह असतो आमच्यासमोर. आम्ही त्याला गुरू म्हणतो. आधी नमस्कार, मग अभ्यास." आत्यानं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मामा गेले, त्यांचं सगळं रीतीनं झालं, आणि वर्ष उलटल्यावर एका संध्याकाळी तिनं माझ्यापुढे देहदानाचा फॉर्म ठेवला. तिची सही झालेली होती, एकेक अक्षर सुटं सुटं. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी.

"आत्या, गती मिळत नाही अशानं."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात. अग्नीनं शुद्ध होतं माणूस. मी आयुष्यभर तेच करतोय की."

"आरं, तू जाळतोस त्यात सोनं उरतं. मला जाळून काय उरंल? दुकानातली धूळ टाकत न्हाईसा तुम्ही, आन् माझा एवढा धडधाकट देह चुलीत घालणार?" मग हसायला लागली. "चौथीतनं काढलेली बाई एकदम डॉक्टरीच्या कॉलेजात! बघ की, गावात हाय का कुणी?"

मी म्हटलं, झेरॉक्स काढून आणतो, मग सही करतो. फॉर्म दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तो आठ महिने तिथंच. आत्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी मशीन बंद असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. खरं सांगायचं तर गतीची भीती निम्मीच होती. तिला अग्नी देणं एवढं एकच माझ्या हातात होतं. तिनं मला वाढवलं, आणि परतफेड म्हणून माझ्याकडे आगीशिवाय दुसरी विद्या कुठली होती? तेही ती काढून घेत होती. शिवाय लोक काय म्हणतील... पोसलेल्या पोरानं अग्नीसुद्धा दिला नाही.

त्या मंगळवारी दुकानातल्या कामगाराला फोन करून ड्रॉवरमधला फॉर्म मागवून घेतला. फॉर्मवरच्या मेडिकल कॉलेजला फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, नातेवाइकाची संमती आणि डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि संध्याकाळच्या आत न्यावं लागेल. मग गावी आबांना, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाला, माझ्या चुलत्यांना, फोन लावला. ते रडले, आणि म्हणाले, "आम्ही निघतोय. सकाळी पोचतो. तवर आक्काला हलवायचं न्हाई." मी सगळं सांगितलं. "तू कोण ठरवणार रं?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी कोण, हा प्रश्न बरोबरच होता. भाचा. आश्रित म्हणा. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिलो. शारदम्मांनी कॉफी आणून ठेवली, ती निवली. आबांची वाट बघितली असती तर मला कुणी दोष दिला नसता. उलट शाबासकी मिळाली असती. फक्त तिला खोटं सांगून काढलेले ते आठ महिने कायमचे खोटे राहिले असते. दुपारी दोनला मी सही केली. एकेक अक्षर जपून काढलं, तर माझी सही तिच्या सहीसारखीच दिसली, सुटी सुटी. मग तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घातलं, तिनंच मांडलेल्या लिंबाच्या सालीत तूप घालून एक दिवा लावला. गाडी आली. दोन माणसं होती. उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या, तिला हात जोडले आणि मगच उचललं. गाडी वळली तेव्हा ती रोज फाटकाशी मला म्हणायची तेच माझ्या तोंडून निघालं, "सावकाश जा गं."

दुसऱ्या दिवशी आबा आले. पासष्टीचा माणूस, बारा तासांच्या प्रवासानं चुरगळलेला. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "कुठं हाय आक्का?"

"कॉलेजात."

मला वाटलं, आता हात उगारतील. ते खुर्चीपाशी खाली बसले. बराच वेळ पायाची बोटं दाबत राहिले. मग म्हणाले, "चौथीत पहिला नंबर होता तिचा. माझा जन्म झाला आन् मला सांभाळायला तिला घरी बसवली. मला कडंवर घिऊन शाळंच्या खिडकीशी उभी ऱ्हायची, आय सांगायची. आत चाललेलं ऐकायची. मी रडाय लागलो की मास्तर हाकलून द्यायचे." मी हे कधी ऐकलं नव्हतं. आत्यानं सव्वीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. आबांनी पंच्यानं डोळे पुसले. "असू दे. आता तरी तितं रडायला मी न्हाई."

दहावा-तेरावा आम्ही केला. मल्लेश्वरमच्या गुरुजींनी सांगितलं त्याप्रमाणे, अस्थींशिवाय. गती मिळाली का, ते मला माहीत नाही. माझी भीती पूर्ण गेली असंही म्हणणार नाही. मी तसा माणूस नाही. पण सकाळी दुकानात भट्टी पेटवताना आता मनात येतं, एव्हाना तिचा वर्ग भरला असेल. कुणीतरी हात जोडून उभं असेल.

घमेलं अजून नळाखाली आहे. संध्याकाळी येऊन आधी त्यात हात धुतो. सकाळी वरचं पाणी कढीपत्त्याला घालतो, गाळाची पुडी बांधतो. तिच्यासारखी घट्ट जमत नाही, डब्याच्या पिशवीत कधी कधी सुटते. मग दुकानात पिशवी उलटी करून झटकतो, आणि ती धूळही पोत्यात भरतो.