हनुवटीनं दाखवलेला चंद्र

चांद्याकडचा जगन्नाथ कुवेतात अर्दिया भागातल्या एका गोदामावर मुकादम होता. गप्पिष्ट असा, की चहा निवून जायचा पण ह्याची गोष्ट संपायची नाही. त्यातली लाडकी आज्याची.

आजा इंग्रजी अमलात कैदी म्हणून कोळशाच्या खाणीत राबलेला. आत आधी एकानं जाऊन छत ठोकून बघायचं. खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर पळायचं. कोणी जायचं, ते कैद्यांतल्याच एका मुकादमानं बोटानं दाखवायचं. आजा मुकादम झाला, त्यानं एका सोबत्याकडे बोट केलं, अन् छत आलं की हो खाली! म्हाताऱ्यानं पुढे जन्मात कशाकडे बोट केलं नाही. नातवाला चंद्रसुद्धा हनुवटीनं दाखवायचा. हे सांगताना जगन्नाथ हनुवटी उडवायचा आणि स्वतःच हसून लोळायचा.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज घुसली. गोळा पडून गोदामाची एक बाजू खचली, तांदूळ आत अडकला. एका दुपारी सैनिक आले. अरबी येणारा काय तो जगन्नाथ.

"एकाला आत धाड," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "छत टिकतंय का बघू दे. मग पोती काढा."

जगन्नाथ वळला. सगळे हमाल खाली बघत उभे. ह्याचा हात आपसूक उठला, आणि बोट थांबलं बदरुद्दीनवर. रत्नागिरीकडचा बदरुद्दीन, रोज ह्याच्याच ताटात जेवणारा.

बदरुद्दीन त्या बोटाकडे बघतच राहिला.

"काय रे जगन्नाथा, आज्याची हनुवटी घरी विसरलास काय?"

एवढं बोलून त्यानं पहार उचलली नि तो आत गेला.

जगन्नाथनं बोट मुठीत दडवलं. आपणही जाऊ शकलो असतो, हे त्याला तेव्हा सुचलं. आतून ठोकल्याचे आवाज येत होते. छत खणखणत राहिलं. बदरुद्दीन धुळीनं पांढरा होऊन बाहेर आला.

"टिकेल."

पहिलं पोतं जगन्नाथनं धावत जाऊन उचललं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी दोघं जेवायला बसले, ताट एकच.

"माफ कर बापा," जगन्नाथ पुटपुटला.

"जेव आधी. मीठ कुठाय?"

मीठ कोपऱ्यातल्या फळीवर होतं. जगन्नाथची हनुवटी तिकडे वळली. या खेपेला हसलं कोणीच नाही.