तिसऱ्या रांगेतलं नाक

गेल्या भाद्रपदात मी माझे पणजोबा हरवले. माणूस वारून इतकी वर्षं झाल्यावर त्याला हरवायचं म्हणजे अंगी थोडी हुशारी लागते. ती माझ्याकडे आहे.

सुरुवात इंदूरच्या विद्यापीठानं केली. विद्यापीठ इंदूरला, पण जुनी मराठी घरं आमच्या देवासात आणि तिकडे धारला. म्हणून तिथली नेहा नावाची मुलगी ‘आपल्या घरांचा इतिहास’ असा प्रकल्प घेऊन माझ्या दारात उभी राहिली. प्रत्येक घरानं एक जुनी वस्तू आणायची, विद्यापीठाच्या हॉलमध्ये मांडायची आणि तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे. मुलगी मराठीच, पण सगळी शाळा हिंदीत झालेली.

“काका, तुमच्याकडे पणजोबांचा पुराना फोटो आहे ना? आणि तुम्ही बोलता पण बढिया, असं सगळे सांगतात.”

(सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. स्तुती आली की दार उघडावं, पत्ता विचारू नये.)

देवासबाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. आमच्या एवढ्याशा गावात पूर्वी दोन राजे होते आणि दोन संस्थानं. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते! राजे गेले, संस्थानं गेली, रस्ता मात्र राहिला. आम्ही थोरल्या पातीचे. समोरचे दिगंबरराव धाकट्या पातीचे. त्यांची माझी रोज भेट होते, दूध एकाच डेअरीतून येतं, पण त्यांच्या घरचा लाडू चांगला झाला तरी मी “ठीक आहे” म्हणतो. शेवटी घराण्याचा प्रश्न असतो.

आता आमची आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच परत आली ती कायमची, आणि घरावर तिचंच राज्य आहे. पणजोबांचा फोटो तिच्या खाटेसमोर. रोज सकाळी ती त्यांना पुसते, हार घालते आणि चहा पिता पिता गावभरच्या बातम्या सांगते. पितृपक्षात त्यांना नैवेद्य तिच्याच हातचा.

“फोटो इंदूरला न्यायचा नाही,” आत्या म्हणाली.

“अगं, घराण्याचं नाव होईल!”

“आहे तेवढं पुरे. त्यांना प्रवास सोसत नाही.”

“आत्या, फोटो आहे तो!”

“म्हणूनच म्हणते. भिंतीवर आहेत तोवर बरे आहेत.”

मी ऐकतो कुठला! दोन दिवस मागे लागलो. शेवटी ती म्हणाली, “ने. पण संध्याकाळी परत माझ्यासमोर पाहिजेत. पितृपक्ष तोंडावर आलाय. हात हलवत आलास तर घरात घेणार नाही.” मी गणपतीसमोर शपथ घेतली.

रविवारी मी पणजोबांना धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि बसमध्ये खिडकीपाशी बसवलं. कंडक्टर आला.

“भिया, इनका टिकट?”

“ये मेरे परदादा हैं.”

“तो सीट क्यूँ घेर के बैठे? गोद में लो!”

इंदूरपर्यंत पणजोबा माझ्या मांडीवर होते. मागच्या सीटवर दिगंबरराव आपल्या घरचा पितळी अडकित्ता रुमालात बांधून बसले होते. अडकित्ता! मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, बघाच आता.

हॉल गच्च भरला होता. धारची मंडळी, देवासची मंडळी, प्राध्यापक, विद्यार्थी. माझा नंबर आला. मी पणजोबांवरची चादर ओढली आणि बोलायला लागलो. आणि काय सांगू, सुटलोच! पणजोबा थोरल्या पातीचे खास कारभारी होते (बहुधा कारकून असावेत), दरबारात त्यांच्याशिवाय पान हलत नसे (पंखा ते ओढत असतील तर हेही खरंच), आणि धाकट्या पातीच्या पाण्याचा थेंबसुद्धा त्यांनी कधी ओठाला लावला नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसानं खाली बसावं. मी बोट वर केलं.

“आणि मंडळी, हे नाक बघा! हे बाकदार, धारदार, वर गाठ असलेलं नाक! हे आमच्या घराण्याचं नाक आहे! या नाकासमोर धाकट्या पातीनं कायम मान खाली घातली!”

पहिल्या रांगेत धारच्या एक वयस्कर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. (माझं नाक म्हणजे चेहऱ्यावर आहे एवढंच. सर्दी झाली की आधी ते शोधावं लागतं.) मग त्या मागे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अहो, पण हे नाक तर तिसऱ्या रांगेत बसलंय!”

सगळा हॉल वळला. तिसऱ्या रांगेत दिगंबरराव बसले होते. बाकदार, धारदार, वर गाठ!

इतकी वर्षं मी ते नाक रोज समोरच्या गॅलरीत बघत होतो आणि तो फोटो रोज घरात बघत होतो. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती, कारण मधे रस्ता होता.

नेहाला काय उत्साह! ती दिगंबररावांना म्हणाली, “काका, जरा फोटोच्या साइडला उभे राहाल? हां, थोडं तिरपं. अरे देवा, सेम टू सेम!” सगळ्यांनी मोबाइल काढले.

इथं मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माइक हातात होता. मी म्हणालो, “मंडळी, यात आश्चर्य नाही. आमच्या दोन्ही घराण्यांचे संबंध तेव्हा फार... जवळचे होते.”

“किती जवळचे?” धारच्या वहिनींनी विचारलं.

हॉल असा हसला की खुर्च्या वाजल्या. एक प्राध्यापक तर पोट धरून बाहेर गेले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण खाली फरशी होती.

दिगंबरराव मात्र हसत नव्हते. फोटोजवळ जाऊन चष्मा वर करून बघत होते. “सुधाकरराव,” ते हळूच म्हणाले, “आमच्या मीटरवर एक गृहस्थ टांगलेले आहेत. फ्यूज बोर्ड दिसू नये म्हणून आईनं लावलेले. पगडीवाले, चपट्या नाकाचे. आम्हाला वाटायचं, फ्रेमवाल्यानं फ्रेमसोबत फुकट दिले.”

त्यांनी घरी फोन केला. त्यांच्या बायकोनं मीटरचा फोटो काढून पाठवला. मेन स्विचच्या शेजारी, जाळ्याजळमटांत, माझं तोंड पगडी घालून बसलं होतं!

“हे पण सेम टू सेम!” नेहा आनंदानं ओरडली. तिचा प्रकल्प फारच यशस्वी झाला होता.

परतीच्या बसमध्ये नाकवाले पणजोबा दिगंबररावांच्या मांडीवर होते. मी कोणत्या तोंडानं मागणार? कंडक्टर तोच. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाला, “क्यूँ भिया, परदादा इनको दे दिए?”

आत्या दारातच बसली होती. शेजारी ताजा हार. भिंतीवरचा खिळासुद्धा पुसून ठेवला होता. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि हार ताटलीत ठेवला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कळलं ना शेवटी?” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“मी परकरात होते तेव्हाची गोष्ट. काच फुटली म्हणून फोटो दुकानात दिलेला. परत आला तो हा. आईच्या लगेच लक्षात आलं. पण दुसऱ्या दिवशी सर्वपित्री! आई म्हणाली, कुणाचे का असेनात, ऐन जेवणाच्या वेळी दारात आलेल्या पितरांना उठवायचं कसं? जेवून जाऊ देत. मग जेवले. मग राहिले. आणि धाकट्या पातीच्या दारात जाऊन ‘आमचे पितर तुमच्याकडे आलेत का’ असं विचारायचं कुणी? तुझ्या आजोबांनी? नाक कापलं गेलं असतं!”

मला हसू आलं. तेवढ्यात आत्याचा आवाज बदलला. “मी परत आले तेव्हा या घरात सगळे माझ्यापुढून मान फिरवून जायचे, सुध्या. हे तेवढे समोरून बघायचे. आता सकाळी मी बोलायचं कुणाशी?”

मला इतकी लाज वाटली की चप्पल न घालताच मी रस्ता ओलांडला. आमच्या घराण्यातला धाकट्या पातीकडे मागायला गेलेला मी पहिलाच पुरुष. दिगंबररावांनी फोटो सोफ्यावर ठेवला होता आणि समोर बसून ते त्याच्याकडे बघत होते. मी सगळं सांगितलं. आत्याचं शेवटचं वाक्यही सांगितलं.

त्यांनी नाक चोळलं. मग म्हणाले, “न्या. आमच्याकडे त्यांना भिंत मिळेल, रोज बोलणारं माणूस मिळणार नाही. मुलं बंगळूरला. फक्त सर्वपित्रीला मलाही पान वाढा.” आणि उठून मीटरवरचा फोटो काढत म्हणाले, “हेही घेऊन जा. मी कॅलेंडर लावतो.”

आत्यानं दोघांनाही ओल्या फडक्यानं पुसलं. आमच्या पणजोबांवर जास्त वेळ लागला. काजळी निघाल्यावर तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “हो रे, हे आपलेच.” त्या आवाजात आनंद नव्हता.

सर्वपित्रीला गच्चीवर दोन पानं ठेवली. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. दिगंबररावांनी आपल्या पानावर पाणी फिरवलं मात्र, कावळा हजर! वडा उचलून गेलासुद्धा. खाली जाऊन ते जेवायला बसले, आत्या त्यांना आग्रह करकरून वाढत होती, ते ऐकू येत होतं.

माझ्या पानाकडे कावळा बघेना. समोरच्या टाकीवर मान तिरपी करून बसला होता. पोटात कावळे ओरडत होते, हा एक बाहेरचा तेवढा गप्प! मी हात जोडले.

“पणजोबा, चुकलं. पुन्हा कधी मीटरजवळ ठेवणार नाही.”

कावळा ढिम्म.

“दर वर्षी तुम्हालाच आधी वाढीन!”

ढिम्म.

“त्या दिवशी दुसऱ्याच्या नाकाचा अभिमान धरला, आपल्या नाकाला कधी नावं ठेवणार नाही!”

कावळ्यानं पंख साफ केले. ऊन डोक्यावर आलं होतं. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “पणजोबा, शपथ घेतो, पुन्हा जन्मात कुठं भाषण करणार नाही!”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पानावर होता.