पुसलेला दंड
परवा लेकीच्या बाळाला टोचायला दवाखान्यात गेलो आणि स्पिरिटच्या वासानं मला निजामाच्या काळातलं तेर गावातलं आमचं अंगण आठवलं. देवीची लस टोचणारा दारात आला होता, मांडीवर माझी चार महिन्यांची लेक. टोचलं की देवी कोपते असं बाया म्हणायच्या, म्हणून मी नको म्हणत होते. "बाई, माझ्या लेकरालाबी म्याच टोचलंय," तो हळू म्हणाला, तेव्हा भिडेखातर मी तिचा दंड पुढं केला. तो वळताच मात्र ओल्या पदरानं मी दंड पुसून काढला, वर राख चोळली. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी टोचणारा फोड उठलाय का बघायला आला, तर लेकीची कुंची शेजारणीच्या फोड उठलेल्या तान्हीला घालून मी तिचा दंड दाखवला. "लई झ्याक उठलंय," म्हणत तो समाधानानं गेला. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला देवी आल्या. जीव वाचला, डोळा गेला. परवा बाळाला थोपटत तिनं विचारलं, "आई, मला टोचलं नव्हतं का गं?" मी म्हणाले, "टोचलं होतं की. उठलं न्हाय." "मग तू तरी काय करणार," म्हणत तिनं माझा हात धरला.