सहा नंबरचे दोन फोन

ज्योत्स्ना गांगुर्डे नाशकात काय काम करते, हे तिच्या आत्यानं, अक्काबाईंनी, अख्ख्या सायखेड्याला सांगून टाकलं होतं. "आमची ज्योत्स्ना लय मोठ्या कामावर हाय. बसला नंबर देती."

यात खोटं काही नव्हतं. साल २००७. इंदिरानगरातल्या एका छोट्या कंपनीत ज्योत्स्ना प्रोग्रामर होती. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार-पाच आभासी कॉम्प्युटर चालवायचे, असं तिथलं काम. त्यांच्या डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळं आभासीच. ही उपकरणं ज्या मार्गावर जोडलेली असतात त्याला बस म्हणतात, आणि बसवरच्या प्रत्येकाला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. तो नंबर ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम देतो. बस, नंबर, ड्रायव्हर. आत्याला आणखी काय हवं? दवाखान्यासाठी नाशकात आलेल्या आत्याच्या शेजारच्या भिमाबाई म्हणाल्या, "सकाळची गाडी जरा उशिरा सोड की गं. धारा काढून व्हत नाय तवर निघून जाती."

ज्योत्स्नानं गंभीरपणे सांगितलं, "ड्रायव्हरशी बोलते."

वडील सरकारी कारकून, कडक. घरात मोठ्यानं हसायची चोरी. त्यामुळे न हसता खोड्या काढायला ती लहानपणीच शिकली होती.

ऑफिसातला तो ड्रायव्हर किशोर सरांनी लिहिला होता. माणूस हुशार, पण आपल्या कोडला कुणी हात लावलेला खपत नसे. नवं उपकरण आलं की बसवर आधीची किती आहेत ते मोजायचं आणि त्यापुढचा नंबर द्यायचा, असा त्यांचा नियम. एकदा ज्योत्स्नानं चालू मशीनमधली मधलीच डिस्क काढून नवी जोडली. मशीन आडवं पडलं. उपकरणं होती तीन. दोन नंबरचं काढलं, उरली दोन, म्हणून नव्याला मिळाला तीन. पण तीन नंबरवाली डिस्क तर जिवंत होती!

"सर, दोघींना एकच नंबर जातोय."

"मधलीच कोण काढतं पण?" किशोर सर म्हणाले. "चालतंय ना? मग राहू दे."

तिनं राहू दिलं. त्याच आठवड्यात सनी नोकरी सोडून पुण्याला गेला, त्याचा तीन नंबरचा इंटरकॉम काढून ठेवला गेला आणि पल्लवी नावाची मुलगी रुजू झाली.

"हिच्या टेबलावर फोन लावून घे," किशोर सर म्हणाले.

"नंबर कोणता देऊ, सर?"

"मोजून पुढचा दे. त्यात काय विचारायचं?"

ज्योत्स्नानं मोजले. सहातला एक गेलेला, उरले पाच. पुढचा सहा. सहा नंबर खुद्द किशोर सरांचा होता. वायरमन काळू घुटमळला. "ताई, सहावर साहेब हायेत."

"साहेबांचाच नियम आहे. जोडा."

किशोर सरांच्या आई, मंगलाबाई, त्र्यंबकेश्वरात पूजेच्या सामानाचं दुकान चालवत. रोज दुपारी त्या ऑफिसचा नंबर लावून पुढे सहा दाबत आणि मुलाशी बोलत. दुसऱ्या दिवशी दोन्ही फोन वाजले. सर जागेवर नव्हते, पल्लवीनं उचलला.

"किशोरचा फोन तू कसा उचललास? कोण गं तू?"

"मी पल्लवी. कालच आले."

"कालच आलीस? आणि मला सांगितलंसुद्धा नाही त्यानं!"

"सर कामात असतील, काकू."

"सर म्हणतेस त्याला?" मंगलाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "वळण चांगलं आहे हो."

तेवढ्यात किशोर सरांनी धावत येऊन आपला फोन उचलला. "डबा खाल्ला का?" असं आईनं विचारलं आणि दोन आवाज एकदम म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई पेढे आणि खण घेऊन ऑफिसात हजर. पल्लवीच्या हातावर पेढा ठेवून तिला न्याहाळू लागल्या. किशोर सरांचे कान लाल झाले.

"काकू, माझं लग्न झालंय," पल्लवी कशीबशी म्हणाली.

"मग किशोरच्या फोनवर काय करतेस?"

सगळ्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. "सर, मोजून पुढचाच दिला," ती म्हणाली.

 किशोर सरांनी तिला केबिनमध्ये नेलं. "हे नीट सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं, सर."

 तेवढ्यात काचेतून मंगलाबाई पिशवीची गाठ उगाच सोडताना-बांधताना दिसल्या, आणि ज्योत्स्नाला पहिल्यांदाच वाईट वाटलं. सरांच्या आईला यात ओढायचं तिच्या मनात नव्हतं.

दोघं तिथंच कामाला बसले. मोजणं काढून टाकलं. शेवटचा दिलेला नंबर ड्रायव्हरनं स्वतः लक्षात ठेवायचा, पुढच्याला त्यापुढचा द्यायचा, आणि एकदा दिलेला पुन्हा द्यायचा नाही. मग किशोर सरांनी स्वतःच मधल्या डिस्क काढून, नव्या जोडून पाहिल्या. या वेळी मशीन आडवं पडलं नाही. "तू केलेली दुरुस्ती म्हणून नोंदव," ते पुटपुटले.

बाहेर मंगलाबाईंनी खण पल्लवीलाच दिला. "सवाष्णीचा मान आहे, ठेव." मग पेढ्यांचा पुडा घेऊन त्या ज्योत्स्नाकडे वळल्या. "आणि तुझं गं? झालंय का लग्न?"

ज्योत्स्नानं पेढा तोंडात कोंबला आणि पल्लवीच्या फोनचा नंबर बदलायला बोलावलेला काळू आला का बघायला घाईघाईनं जिना उतरली.