दिलियाचा रुमाल

एलिएसर चार्रिसच्या बैठकीत पस्तीस वर्षं कुणी बसलं नाही. बसणार कुठे? तिथे त्याचा पिको राहायचा. बारांकिया शहराच्या रेबोलो वस्तीत पिको काय असतो हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं: माणसाहून उंच स्पीकर, त्यांवर रंगवलेला वाघ, आणि शनिवारी दुपारपासून त्यांच्यापुढे नाचणारी अख्खी गल्ली. एलिएसरच्या पिकोचं नाव 'डरकाळी'. आठवडाभर ही डरकाळी चादरीखाली झाकलेली असायची आणि घरची माणसं तिला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची.

"बैठकीत गाणी ऐकायला एक छोटासा सेट घे, आणि दोन झुलत्या खुर्च्या," त्याची बायको दिलिया म्हणायची. "जगाला नाचवतोस, मला नुसतं बसव की रे!"

"हा कार्निवल होऊ दे," तो म्हणायचा.

कार्निवल होत राहिले. मागच्या मे महिन्यात दिलिया गेली. चाळिसाव्या दिवशी एलिएसरने डरकाळी विकली आणि ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंतसुद्धा थांबला नाही. बैठक रिकामी झाली, तेव्हा कळलं ती किती लहान आहे ते. त्याने दोन खुर्च्या आणल्या. राहिला होता सेट. आता तो आणून काय उपयोग, हे त्याला कळत होतं. पण ज्या खोलीची तिने आयुष्यभर वाट पाहिली, ती एकदा तरी तिच्या मनासारखी लागावी, एवढीच त्याची तळमळ होती.

आता कुणी म्हणेल, आवाजाच्या धंद्यात हयात गेलेल्या माणसाला दोन स्पीकर निवडायला कसली अडचण? इथेच तर मेख आहे. पिकोवाल्याला स्वतःचा आवाज कधीच नीट ऐकू येत नाही. तो डब्यांच्या मागे, मशीनला चिकटलेला. तिथे नुसता दणदणाट. आवाज कसा लागलाय ते समोर लांब उभ्या असलेल्यालाच कळतं. ते काम दिलियाचं होतं. कोपऱ्यावर उबाल्दिनाच्या तळणाच्या गाड्यापाशी ती उभी राहायची. पांढरा रुमाल वर गेला की आवाज वाढवायचा, खाली आला की कमी करायचा. कधीकधी वर, लगेच खाली, पुन्हा वर. "वर की खाली, एकदा काय ते ठरव गं बाई!" एलिएसर खेकसायचा, आणि गल्ली हसायची.

म्हणून सेट घ्यायला नायिबच्या स्पीकरच्या दुकानात गेल्यावर त्याने नेहमी करायचा तेच केलं. सगळ्यांत मोठे स्पीकर लावायला सांगितले, मशीनपाशी उभा राहिला, छातीवर ठोका बसतोय का ते पाहिलं आणि दाराकडे नजर लावली.

"काका, कुणी यायचंय का?" नायिबने विचारलं.

"नाही," एलिएसर म्हणाला. "आता कोण येणार!"

तेच धूड तो घरी घेऊन आला. पहिल्याच गाण्याला भिंतीवरच्या मेरीमातेच्या तसबिरीची काच थरथरायला लागली. ढोलाने गाणाऱ्याला पार गिळून टाकलं. मुलगी यामिले स्वयंपाकघरातून झारा घेऊनच धावत आली.

"बाबा, हे गाणं आहे की रेड्यांची टक्कर? घर पाडायचंय का?"

दुसऱ्या दिवशी स्पीकर परत गेले. नायिब भला माणूस, पण विक्रेता तो विक्रेताच. "मग काका, पाच स्पीकरवाला सेट न्या. दोन पुढे, दोन मागे, एक मध्ये."

"आणि मी कुठे बसू? छताला लटकू?"

नायिब हसला. मग त्याने फळीवरून दोन छोटे लाकडी स्पीकर काढले, पावाच्या लादीएवढे. त्यांच्या जोडीला एक साधा रिसीव्हर, ज्याला जुना रेकॉर्ड प्लेअर थेट जोडता येतो. "तुमच्या खोलीला पंचवीस वॅट रग्गड झाले. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, कानाच्या उंचीवर. आणि काका, मशीनपाशी उभं राहू नका. इथे बसा, समोर."

एलिएसर समोर बसला. एक जुना बोलेरो लागला, संथ प्रेमगीत. गाणारी बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. दिलियाला हे ऐकायचं होतं तर! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नायिबने पाठ फिरवून उगाचच वायर गुंडाळायला घेतली.

घरी सेट लागला. वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर, सगळं नायिबने सांगितलं तसं. पण चांगला लागलाय असं सांगायचं कुणी? एलिएसर एका खुर्चीत बसला, उठला, दुसरीत बसायला धजला नाही. शेवटी त्याने दिलियाच्या कपाटातून रुमाल काढला.

"यामिले, तू इथे बटणापाशी उभी राहा. खिडकीतून माझ्याकडे बघ."

तो कोपऱ्यावर गेला, उबाल्दिनाच्या गाड्यापाशी, दिलियाच्या जागेवर. तिथे तो याआधी कधी उभाच राहिला नव्हता. छोट्या स्पीकरांचा आवाज तिथवर पोचणार कसा? कढईत मक्याच्या आरेपा तडतडत होत्या, एक बस गेली, बाकी काही नाही. तरीही त्याने रुमाल वर केला. खिडकीत यामिलेने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं.

"काही ऐकू येतंय का रे?" उबाल्दिनाने झाऱ्याने आरेपा उलटत विचारलं.

"काहीच नाही."

"मग तूही दिलियासारखाच. ती कुठे गाणं ऐकायची? आवाज छान लागलेला असला तरी रुमाल हलवायची. मी म्हटलं, अगं, कशाला छळतेस त्याला? तर म्हणते, 'नाहीतर तो मेला माझ्याकडे कशाला बघतोय!'"

एलिएसरने गाड्याची कड घट्ट धरली; वर धरलेला रुमाल अर्ध्यावर आला. पस्तीस वर्षांचे शनिवार, आणि प्रत्येक वेळी तो तिच्यावर खेकसला होता.

"बाबा!" खिडकीतून यामिले ओरडली. "वर की खाली, एकदा काय ते ठरवा!"

त्याने रुमाल खाली केला. ती बघतेय याची खात्री करून घेतली, आणि पुन्हा वर केला.