डाव्या बुटाचं नाक

डोळा लागू द्यायचा न्हाई, एवढंच घोकत मी फौजेच्या कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात बसलेय. पुकारा झाला आन् मी घोरत असले तर वकीलबाई म्हणतील, ही बाई काय नवऱ्याचा न्याय घेणार! पण जेवणाची सुट्टी झालीय, वरचा पंखा कुरकुर करतोय, शेजारचा म्हातारा सुभेदार पेंगून पेंगून माझ्या अंगावर कलतोय. मांडीवर पिशवी हाय. पिशवीत आमच्या ह्यांचा डावा बूट.

बुटाचं सांगते. आमचं हे, हवालदार जालिंदर निकम, वर बर्फातल्या चौकीवर होतं. कडा कोसळला, डावा पाय बर्फाखाली अडकला. पाय राहिला, पण त्यातला जीव गेला. ह्या गड्यानं कुणाला सांगावं का न्हाई? "होईल बरा" म्हणत सुट्टीवर घरी आलं आन् बधीर पायानं विहिरीच्या पायरीवरनं घसरलं. मग काय, कागद झाला तो गावच्या दवाखान्याचा. तवापासनं फौजेचं एकच म्हणणं, पाय घरी मोडला, नोकरीत न्हाई, अपंगाची पेन्शन मिळायची न्हाई. निकालाची वाट बघत बघत हे परसाली गेलं. आता दावा मी चालवते. पैशाचं मरू द्या. माझा दीर अजून पारावर बसून सांगतो, आमचा दादा विहिरीत पडून लंगडा झाला. ती विहीर मला कागदावरनं पुसायचीय.

पाय फरफटून फरफटून डाव्या बुटाचं नाक झिजलंय, बोट आत जाईल एवढं भोक पडलंय. वकीलबाई हसत्यात, "काकी, बूट पुरावा नसतो हो." नसू दे. मी दर तारखेला आणते, अर्जात पण हट्टानं लिहायला लावलंय.

पंखा थांबतो. व्हरांड्याच्या त्या टोकाकडनं हे येत्यात. अंगात बंडी, खाली इस्त्रीची खाकी प्यांट. आन् चाल? ठक, ठक, दोन्ही पाय सारखं पडतायत, परेडला निघाल्यागत.

माझं काळीज सुपाएवढं होतं. आन् मग धस्स होतं.

"आवं, लंगडा की!" मी दबक्या आवाजात वरडते.

"का? बरा झालाय पाय."

"हळू बोला! भिंतीपलीकडं निकाल देणारा साहेब बसलाय. बघितलं तर म्हणंल, कुठाय अपंग?"

"रोज लंगडतोच की," हे म्हणत्यात. "आजच्या दिवस सरळ चालून बघावं म्हणलं."

शेजारी टेकत्यात, तर ते बाक न्हाईच. आमच्या विहिरीची वरची पायरी. खाली हिरवंगार पाणी, आन् सुभेदार पाण्यात पाय सोडून तसाच पेंगतोय.

"पिशवीत काय आणलंयस?"

"तुमचा बूट."

हे बूट भाहीर काढत्यात, उलटापालटा करत्यात, तोंड कसनुसं होतं. "शालन, असला बूट घेऊन साहेबापुढं जातीस? लाज काढलीस माझी. फडकं दे, पॉलिश मारतो."

"हात लावू नका!" मी हिसकावून घेते. "तेवढंच तर हाय माझ्याकडं. तुम्ही उठा आन् लंगडा."

"मेल्यावर पण?"

"निकाल लागंस्तवर."

हे चिडलं असतं तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द सुनावलं असतं. गुमान उठत्यात आन् डावा पाय सोडून देत्यात. खर्र, ठक. खर्र, ठक. पायरीवर भुरभुर बर्फ पडतंय, भर वैशाखात. विहीर भरून गेली, वरचा आंबा गेला, नुसतं पांढरं रान. त्यात हे चाललेत आन् पायामागं एक लांब चरी पडलीय. मी मागं वळून बघते. चरी आमच्या न्हाणीपासनं निघालीय, चुलीला वळसा घालून, ह्या कोर्टाच्या जिन्यावरनं कितींदा वर आन् कितींदा खाली गेलीय. गेल्यापासनं हा माणूस लंगडतोच हाय. माझ्यापायी.

"अजून किती?" लांबनं विचारत्यात. ओठ निळं पडलेत.

"पुढच्या तारखेपतुर."

"बरं," म्हणत्यात आन् वळत्यात. खर्र, ठक.

बरं? उभ्या जन्मात माझं एक ऐकलं न्हाई. पाय शेकून घ्या म्हणलं तर न्हाई, मोठ्या साहेबाला सांगा म्हणलं तर न्हाई, आन् आता बरं! मी बर्फातनं त्यांच्यामागं धावते.

"थांबा! माझ्या गळ्याची आण हाय, थांबा. सरळ चाला."

"आन् साहेब?"

"साहेबाचं मी बघते. हे घ्या." मी बूट पुढं करते. "मारा पॉलिश."

हे बर्फातच मांडी घालत्यात. माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत्यात, बुटाच्या नाकावर थुंकत्यात आन् बारीक बारीक गोल फिरवायला लागत्यात. क्वार्टरमधी दर रविवारी असंच बसायचं.

"घट्ट धर की," म्हणत्यात. "हलवू नको."

मी आतनं मूठ घालून धरते. ह्यांचा हात माझ्या हाताला लागतो. लई गार हाय.

"शालन जालिंदर निकम! काकी, उठा, पुकारा झाला!"

वकीलबाई माझा खांदा हलवतायत. पंखा कुरकुरतोय. सुभेदार पार माझ्या खांद्यावर येऊन झोपलाय.

"काकी, नशीब बघा," वकीलबाई घाईनं म्हणत्यात. "आज नवीन साहेब आहेत. फायलीत बुटाचं वाचलं म्हणे. म्हणतात, बाईंनी आणला असेल तर दाखवा. काढा बरं."

एवढ्या तारखांत पहिल्यांदा कुणी बूट मागितलेला. मी पिशवीत हात घालते. नाक चाचपते. भोक न्हाई. भाहीर काढते तर नाक गोल, धड, आन् असं चकाकतंय की वकीलबाईचं तोंड त्यात दिसावं.

"अहो, हा कुठला? झिजलेला कुठाय?"

"ह्योच त्यो."

"मग आता त्यांना दाखवायचं काय?"

मी बूट पिशवीत ठेवते आन् उठते. "दाखवायचं काय न्हाई. सांगायचं हाय. चला."

साहेब तरणा हाय. मी हात जोडते तर बोटं काळी, पदराचं टोक काळं. साहेब त्या बोटांकडं बघतो आन् हिंदीत काय तरी विचारतो. वकीलबाई मराठीत सांगत्यात, "काकी, साहेब विचारतायत, पाय कसा होता तुमच्या मालकांचा?"

"आता बरा हाय, साहेब," मी म्हणते. "पण आधीचं ऐका."