मनकर्णाबाईचा उकिरडा

वरूडच्या संत्राबागांमध्ये वसलेल्या त्या गावात मनकर्णाबाईची नक्कल न येणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. तशी ती अवघड नाहीच. एक हात कमरेवर ठेवायचा, दुसऱ्या हाताचं बोट फाटकाकडे रोखायचं आणि श्वास न घेता म्हणायचं, "चप्पल तेथीच. पाय झटक. आता ये. नाई, तिकून नोको, सारवलं हाये."

हे तिने जावयाला ऐकवलं होतं, ग्रामसेवकाला ऐकवलं होतं आणि एकदा भिंतीवरून उतरलेल्या वानरालाही. वानराने ऐकलं, असं ती सांगते.

अंगण मात्र खरंच पाहण्यासारखं. शेणाने सारवून तळहातासारखं गुळगुळीत केलेलं. त्यात खडा नाही, काडी नाही, लिंबाचं पान पडलं तर ते जमिनीला टेकायच्या आत बाई झाडू घेऊन हजर. नवरा देवराव बिडी ओढायला रस्त्यावर जायचा. राख कुठे झटकायची हा प्रश्न त्याने तीस वर्षांपूर्वीच सोडून दिला होता.

अशा अंगणात ठमी होती. ठमी म्हणजे काळी, पांढऱ्या ठिपक्यांची गावरान कोंबडी. लेक आरती लग्न होऊन अमरावतीला जाताना तिला आईच्या ओटीत टाकून गेली होती. "माय, हिले विकजो नोको, कापजो नोको, अन् उगीच रागावजो नोको," असं बजावूनही गेली होती. रोज संध्याकाळी फोन आला की आरती आधी ठमी कशी आहे ते विचारायची, मग आई कशी आहे ते.

म्हणून मनकर्णाबाईने ठमीचे लाड केले, पण आपल्या पद्धतीने. मोकळी कोंबडी म्हणजे अंगणभर शिटा, तेव्हा जुन्या लुगड्याच्या धांदोटीने तिला लिंबाला बांधलं. खाली धुतलेलं पोतं. समोर ताटलीत निवडून, पाखडून घेतलेली ज्वारी. वाटीत गाळलेलं पाणी. शेजारची जमुना कुंपणावरून म्हणायची, "बाई व, कोंबडी हाये का नवरी? हळद लावाची रायली फक्त."

"तुह्या कोंबड्यायसारखी उकिरड्यावर लोळत नाई माही ठमी," मनकर्णाबाई म्हणायची.

जमुनाचा उकिरडा कुंपणापलीकडे होता, चांगला छातीएवढा. त्यावर तिच्या कोंबड्या दिवसभर पाय फेकत उकरत असायच्या. मनकर्णाबाई तिकडे पाहायचं टाळायची. पाहिलं की तिच्या हाताला खाज सुटायची.

मग एका सकाळी ठमीने जे घातलं, त्याला अंडं म्हणवेना. कवचच नाही. नुसती पातळ कातडी, आत पाणी भरल्यासारखं. बोट लावलं तर डुचमळलं. दुसऱ्या दिवशी तेही आलं नाही. ठमी पिसं फुगवून पोत्यावर बसली, शेपटी वर-खाली करत जोर करू लागली आणि ज्वारीकडे पाहीना.

"जमनीची नजर लागली," मनकर्णाबाई म्हणाली आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराने ठमी शिंकली.

"शिंकली. म्हंजे जिती हाये," देवराव म्हणाला.

"आवो, तुमी चूप बसा."

पण संध्याकाळी फोन येणार होता. आरतीला काय सांगायचं?

कुंपणावरून जमुना वाकली. तिने ठमीकडे पाहिलं आणि थट्टेचा सूरच बदलला. "बाई, अंडं अडकलं हाये तिचं. बाळंतपण अडते तसं. नजरेचं काई नाई हे. डॉक्टरले फोन लाव."

देवरावने जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि त्याचा स्पीकर चालू केला. डॉक्टर स्वराली नवीनच आलेल्या, बोलणं थेट पुस्तकातलं. "मावशी, घाबरू नका. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या. तिचं पोट बुडेल इतकंच. त्यात तिला शांतपणे बसवा. मागच्या बाजूला थोडं तेल लावा. आणि पोट मुळीच दाबू नका, अंडं आत फुटलं तर ती दगावेल."

घरात पसरट भांडं एकच, चिंचेने घासून लखलखीत केलेली पितळी परात. पाहुण्यांनाही ती नुसती दाखवायची. मनकर्णाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग ठमीकडे. परात काढली.

ती पाण्यात ठमीला धरून बसली. जमुना फाटकातून आत आली, चपला घालूनच. परातीशी येऊन बसली. ठमीने डोळे मिटले. मनकर्णाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत राहिली, "कर व माय, जोर कर. तुही आरती फोन करन न आता." बऱ्याच वेळाने ठमीने मान ताणली, अंग आवळलं, आणि मऊ, बिनकवचाचं अंडं पाण्यात उतरलं. त्यापाठोपाठ ठमीने मनकर्णाबाईच्या लुगड्यावरच शिटून टाकलं. बाई हसली. देवराव म्हणतो, त्याच्या आठवणीत पहिल्यांदाच.

फोन चालूच होता. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, ती मोकळी असते ना? अंगणात खडे, गोगलगायी, जुना चुना, असं काही टिपते ना?"

मनकर्णाबाईने पदर सावरला. "डॉक्टरीणबाई, माह्या अंगणात तुमाले सुईएवढा खडा भेटणार नाई. येऊन पाहा."

"तेच तर म्हणतेय मी," डॉक्टर म्हणाल्या. "कवच कशाचं करणार ती? खनिजांचं औषध देते मी, पण तिला उकरायला हवं. तिला थोडी घाण लागते."

जमुनाने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे मात्र हलत होते.

औषध आलं. ठमी खायला लागली. पण बांधलेल्या कोंबडीला उकरायला आणायचं काय? शेवटी, "चार दिवस फक्त," असं म्हणत मनकर्णाबाईने ठमी कुंपणावरून जमुनाकडे दिली. ठमी उकिरड्यावर उतरली, एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही पायांनी अशी कामाला लागली की कचरा थेट कुंपणाबाहेर उडाला.

त्या आठवड्यात एका दुपारी जमुना फाटकाशी आली. तळहातावर अंडं. दगडासारखं टणक, बदामी. तिने नुसतं नखाने अंड्यावर टकटक वाजवलं. मनकर्णाबाईला ती टकटक फार झोंबली.

तिने कुंपणाशी जाऊन हाक मारली, "ठमे, ये व." ठमीने मान वर केली. चोचीत गोगलगाय होती. ती गोगलगाय घेऊन उकिरड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली.

दुसऱ्या सकाळी सारवताना मनकर्णाबाईचा हात लिंबाजवळ थांबला. तिने एक कोपरा तसाच सोडला. मग रिकामं टोपलं घेऊन जमुनाच्या दारात उभी राहिली.

"एक टोपलं दे."

"कायचं?" जमुनाने भाकरी थापता थापता विचारलं.

"तुले मालूम हाये."

"नाई बाप्पा, मले कायचं मालूम?"

"उकिरडा दे, जमने."

"आयकू नाई आलं व. हे भाकर थापून रायली न."

"उकिरडा," मनकर्णाबाई इतक्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यावर बिडी ओढणारा देवराव वळून पाहू लागला.

जमुनाने एक नाही, तीन टोपली दिली. वर पोहचवूनही दिली.

आता ठमी घरी असते, मोकळी. कोपऱ्यात उकरते, लिंबाखाली धूळ अंगावर घेते आणि टोपलीत टणक अंडी घालते. आरतीला फोनवर अंड्याचा टकटक आवाज ऐकवला जातो. नक्कल करणाऱ्यांनाही नवं वाक्य मिळालं आहे, "चप्पल तेथीच. पाय झटक. आता ये. नाई, त्या कोपऱ्यात नोको, ते ठमीचं हाये."

उकिरड्याभोवती मनकर्णाबाईने सारखे दगड निवडून गोल लावले आहेत. ठमी रोज ते विस्कटते. परवा जमुना कुंपणाशी थबकली.

"बाई व, उकिरडा झाडून रायली का काय?"

"झाडू कायले?" मनकर्णाबाई पाठमोरीच म्हणाली. "नीट लावून रायली फक्त."